ऑपरेटर लावला म्हणजे मोजमाप झालं का?

तरंगफल
एमएस्सी फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. क्वांटममधली गणितं मला सुटतात. पेटीतला कण, हार्मोनिक ऑसिलेटर, हायड्रोजनचे उणे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, सगळं काढता येतं. पण चाचणीत एका साध्या प्रश्नावर अडकलो. स्पिन-अर्धा कण झेड दिशेला 'वर' आहे, त्याचा एस-एक्स, म्हणजे एक्स दिशेचा स्पिन, मोजला तर काय मिळेल? मी एस-एक्सचा ऑपरेटर, म्हणजे अवस्थेवर चालणारी गणिती क्रिया, पाउली मॅट्रिक्सच्या रूपात घेतला आणि 'वर' ला गुणलं. उत्तर आलं: एचबार/२ गुणिले 'खाली' (एचबार म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले २π). म्हणून लिहिलं की किंमत एचबार/२ मिळेल आणि कण खाली वळेल. सरांनी शून्य दिलं आणि बाजूला लिहिलं, 'ऑपरेटर लावणं म्हणजे मोजणं नव्हे.' मग तो लावायचा कशासाठी? अख्खं सत्र मी हाच अर्थ धरून चाललो होतो.

जुनी_वही
मी हा विषय बरीच वर्षं शिकवते. ही चूक दर वर्षी दिसते, आणि मन लावून गणितं सोडवणाऱ्या मुलांच्या वहीतही दिसते. याचं कारण पहिल्या काही महिन्यांतल्या गणितांत आहे. पेटीतल्या कणाच्या पहिल्या पातळीवर हॅमिल्टोनियन, म्हणजे ऊर्जेचा ऑपरेटर, लावला की तीच पातळी ई-१ या तिच्या ऊर्जेने गुणून परत येते. ऊर्जा मोजली तरी ई-१ च मिळते. तिथे दोन्ही उत्तरं जुळतात, म्हणून दोन्ही क्रिया एकच वाटायला लागतात. आयगेनस्टेट, म्हणजे ऑपरेटर लावल्यावर नुसती एका संख्येने (आयगेनव्हॅल्यूने) गुणून परत येणारी अवस्था, सोडून बाहेर पडलं की हे जुळणं संपतं.

तुझंच गणित घे. 'झेड-वर' ही अवस्था एक्स दिशेच्या दोन आयगेनस्टेटमध्ये फोड. दोन्हींचा सहगुणक १/√२, वर्ग केला की शक्यता मिळते, अर्धी-अर्धी. म्हणजे मोजल्यावर निम्म्या वेळा अधिक एचबार/२ मिळेल, निम्म्या वेळा उणे, आणि कण त्यानुसार 'एक्स-अधिक' किंवा 'एक्स-उणे' मध्ये सापडेल. 'झेड-खाली' मध्ये कधीच नाही.

मग मॅट्रिक्सने केलं काय? एक्स-अधिकच्या घटकाला अधिक एचबार/२ ने गुणलं, एक्स-उणेच्या घटकाला उणे एचबार/२ ने, आणि बेरीज तुझ्या हातात दिली. एकाचं चिन्ह उलटलं म्हणून बेरीज 'खाली' दिसते. ऑपरेटर दोन्ही घटक राखतो, मोजमापात एकच उरतो. ऑपरेटर ठरल्या नियमाने चालतो, मोजमापात कोणतं उत्तर येईल हे आधी सांगता येत नाही.

ऑपरेटर तुला काय देतो तेही सांगते. त्याच्या आयगेनव्हॅल्यू म्हणजे मिळू शकणारी उत्तरं, आयगेनस्टेट म्हणजे अवस्था फोडण्याचे अक्ष. आणि दोन्ही बाजूंनी अवस्था लावून मधे ऑपरेटर ठेवला की सरासरी. इथे ती शून्य येते, कारण 'वर' आणि 'खाली' परस्परलंब आहेत. सरासरी शून्य असली तरी शून्य हे उत्तर एकदाही मिळत नाही. १९२२ साली स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला, तेव्हा काचेवर दोन वेगळे पट्टे उमटले आणि मधली जागा मोकळी राहिली. स्पिनची कल्पना तीन वर्षांनी आली. ती मोकळी जागा मी प्रत्येक वर्गाला फळ्यावर काढून दाखवते.

रिकामी_पेटी
ताईंचं बरोबर आहे. यात पेटीची भर घालतो, कारण स्पिनमध्ये हात बसायला मला वेळ लागला होता. १ नॅनोमीटर रुंद पेटीत इलेक्ट्रॉन ठेव, पहिल्या दोन पातळ्या समान प्रमाणात मिसळ. ऊर्जा मोजलीस तर ०.३८ किंवा १.५० इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळेल. सरासरी ०.९४, ती कधीच मिळणार नाही. आता हॅमिल्टोनियन लावून बघ: दुसरा घटक चौपट होतो, १:४ असं मिश्रण येतं. अशी अवस्था मोजून हाती येत नाही. हॅमिल्टोनियनचं खरं काम वेगळं आहे, तो काळ पुढे नेतो. त्यामुळे प्रत्येक घटकाचा फेज (तरंगाच्या आवर्तनातली जागा) आपापल्या वेगाने फिरतो आणि सरासरी स्थान पेटीच्या मध्याभोवती रुंदीच्या १८ टक्के इकडे, १८ टक्के तिकडे झुलतं. एका झोक्याला साधारण ३.७ फेम्टोसेकंद लागतात. हे इंटिग्रल हाताने कर, पान-दीड पान होईल.

तरंगफल
इंटिग्रल केलं, १६/९π² आलं, म्हणजे ०.१८. जमलं! मग जुनीताईंची रीत एस-वायवर लावून पाहिली. निम्मे अधिक, निम्मे उणे, सरासरी शून्य. आणि मॅट्रिक्सने नुसतं गुणलं तर 'खाली' च्या पुढे आय गुणिले एचबार/२ येतं. माझ्या जुन्या अर्थाने मोजलेली किंमत काल्पनिक संख्या निघाली असती! चाचणीत एस-एक्सऐवजी एस-वाय विचारला असता तर तिथेच थांबलो असतो.

जुनी_वही
छान. आता एक्स मोजून झाल्यावर त्याच कणाचा झेड पुन्हा मोज, आणि 'वर' मिळायची शक्यता किती ते सांग. मूळचा 'वर' आठवून उत्तर देऊ नकोस, अवस्था फोडून दे.

तरंगफल
अर्धी. एक्स मोजल्यावर कण एक्स-अधिकमध्ये असो की एक्स-उणेमध्ये, दोन्हींकडून अर्धीच येते.