तातडीने मदत हवी: मुलगी पॅरिसला जाऊन राहिली, किती पैसे पाठवू?

महालवाले_बाबा (मंगळवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी. मुलगी युरोपात शिकते, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली. येत्या शुक्रवारी संध्याकाळी वर्गातल्या मैत्रिणींसोबत पॅरिसला जाऊन राहिली, सोमवारी रात्री परत. तिकडे सोमवारची सुट्टी आहे म्हणे. तिकीट काढून झालं, माझ्याच कार्डावरून, पैसे परत न मिळणारं. माझे प्रश्न दोनच. तीन रात्रींना एका पोरीला पॅरिसमध्ये किती युरो लागतात? आणि विमानात एकच छोटी बॅग फुकट नेऊ देतात, तर कॉलेजची सॅक चालेल का? तिला विचारलं तर म्हणते, "बाबा, मी बघते नं." ती कशी बघते ते रामटेकच्या सहलीला पाहिलं आहे, गडावर चपला सोडून मोज्यांवर घरी आली होती. उद्या दुपारपर्यंत सांगा, मला बँकेत जायचं आहे. कृपया फाटे फोडू नका.

म्युनिककर (१०.०५)

बाबा, विमान कशाला? माझं ऐका, डॉइचलांड तिकीट घ्यायला सांगा. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, नंतर महाग झालं, पण अजूनही सोनं आहे. महिनाभर जर्मनीतल्या सगळ्या लोकल गाड्या, बस, ट्राम त्यात. आयसीई या वेगवान गाडीत मात्र बसू नये, दंड होतो. याच तिकिटावर थेट ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग स्टेशनपर्यंत जाता येतं. आम्ही तीन वेळा गेलो. पॅरिसमध्ये नुसती गर्दी.

तर्रीपोहे (१०.१२)

भाऊ, पोरगी जर्मनीत आहे असं कोण म्हटलं बे? बाबा, कोणत्या शहरात आहे ते तर सांगा.

महालवाले_बाबा (१०.२०)

शहराचा काय संबंध? पॅरिस ते पॅरिसच. युरो तिकडेही चालतो, ती राहते तिथेही चालतो. मला फक्त आकडा पाहिजे.

निवृत्त_बँकवाला (१०.४१)

महोदय, आकड्याआधी मार्ग ठरवा. भारतातून बाहेर पैसे पाठवायला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. टीसीएस, म्हणजे असे पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर, लागण्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून सातवरून दहा लाख रुपयांवर गेली. शैक्षणिक कर्जातून फी पाठवली असेल तर त्यावर टीसीएस नाही. पॅन कार्ड, विद्यापीठाचं पत्र, पासपोर्टची प्रत आणि...

तर्रीपोहे (१०.४४)

काका, पोरगी तीन दिवस फिरायला जाऊन राहिली, तिथे फ्लॅट नाही घेऊन राहिली.

निवृत्त_बँकवाला (१०.५२)

नियम नियमच असतो. ३४ वर्षं काउंटरवर काढली आहेत. किरकोळ रक्कम असेल तर फॉरेक्स कार्ड घरूनच रिलोड करा. बँकेत येऊ नका. महिनाअखेर आहे, मुलांचे हाल होतात.

सदर_काकू (११.१०)

मुलीला सांगा, मेट्रोत मोबाइल मागच्या खिशात ठेवायचा नाही. आमच्या जावेच्या पर्समधून पासपोर्टच गेला, आयफेल टॉवरच्या खाली. वर चढेपर्यंत कळलंसुद्धा नाही. आणि विषय निघालाच आहे तर विचारते, दिवाळीचा फराळ तिकडे पोस्टाने जातो का? मला भाच्याला संत्रा बर्फी पाठवायची आहे.

महालवाले_बाबा (११.१५)

काकू, फराळाचा वेगळा धागा काढा नं. माझं उत्तर राहून राहिलं.

गॉलवेची_ताई (बुधवार, पहाटे २.३०)

काका, बॅग सीटखाली मावेल एवढीच चालते. सॅक भरून फुगली की बाहेर ठेवलेल्या मापाच्या खोक्यात घालून बघायला लावतात आणि मग गेटवर जास्त पैसे घेतात. तिला आजच टेप लावून मोजायला सांगा. पण विमान कुठून सुटतं हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. सोमवारची सुट्टी आणि ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा म्हटल्यावर मला एक शंका येते आहे.

महालवाले_बाबा (सकाळी ७.०५)

डब्लिन. आता सांगा आकडा.

गॉलवेची_ताई (सकाळी ७.४०)

मला वाटलंच होतं, ती सोमवारची सुट्टी आयर्लंडची. काका, पैसे नंतर. तिच्याकडे शेंगेन व्हिसा आहे का, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं तो? आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, तिथे युरोही चालतो, पण तो शेंगेनमध्ये नाही. शेंगेनमध्ये २९ देश आहेत, फ्रान्स त्यात येतो, आयर्लंड नाही. आयर्लंडच्या व्हिसावर भारतीय पासपोर्ट घेऊन पॅरिसला जाता येत नाही. तिच्या मैत्रिणी कुठल्या देशाच्या आहेत?

महालवाले_बाबा (सकाळी ८.१५)

एक स्पेनची, दोघी इटलीच्या, एक आपली पुण्याची. पण स्पेनवाली म्हणाली की काही लागत नाही, युरोपातल्या युरोपात तर आहे.

गॉलवेची_ताई (सकाळी ८.२०)

तिला लागत नाहीच. ती ओळखपत्र दाखवून जाईल. आपल्याला लागतो. माझ्या पहिल्या वर्षी माझ्या खोलीतली मुलगी याच गोष्टीसाठी विमानतळावरून परत आली होती. रात्रभर रडली, मग दोन दिवस खोलीत बसून मॅगी खाल्ली.

म्युनिककर (सकाळी ९.००)

अरे हो! मला उलटं झालं होतं. म्युनिकहून डब्लिनला जायचं होतं तर आयर्लंडचा वेगळा व्हिसा मागितला. जर्मनीचं कार्ड दाखवलं तरी नाही. विसरलोच होतो. पण जर्मनीत शिकली असती तर ही कटकटच नव्हती, २९ देश एका कार्डावर.

महालवाले_बाबा (सकाळी ९.१०)

मग व्हिसा काढू. शुक्रवारला दोन दिवस आहेत. मी आज रात्रीच्या गाडीने मुंबईला जातो, फ्रान्सच्या कार्यालयात तिच्या वतीने देतो सगळं. कोणते कागद लागतात?

तर्रीपोहे (सकाळी ९.२२)

बाबा, थांबा जरा. मुंबईला जाऊन काय करणार? अर्ज ती राहते त्या देशातून द्यावा लागतो, आणि बोटांचे ठसे तिचे पाहिजेत, तुमचे नाही.

निवृत्त_बँकवाला (सकाळी १०.३०)

अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यायचा असतो. फी जून २०२४ पासून ८० वरून ९० युरो झाली. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. खात्याचं स्टेटमेंट द्यावं लागतं. यासाठीच मी काल कागदांविषयी बोलत होतो, पण माझं कोण ऐकतो.

फुटाळ्याचा_वारा (सकाळी ११.०५)

एवढं काय घाबरता राजेहो. माझा भाचा डब्लिनहून बसने बेलफास्टला गेला, दोन तासांत पोहोचला, रस्त्यात सीमेवर एक माणूस पासपोर्ट बघायला नव्हता. आत्मविश्वासाने जायचं. पॅरिसला पण कोण बघते?

गॉलवेची_ताई (सकाळी ११.३०)

दादा, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये. रस्त्यावर नाका नाही हे खरं, पण भारतीयाला ब्रिटनचा व्हिसा लागतोच. नाका नसला म्हणून नियम उठत नाही, आणि बसमध्ये अधूनमधून तपासणी होते. पॅरिसला तर विमानातून उतरल्यावर पासपोर्ट खिडकीवर द्यावाच लागतो. तिथपर्यंतही जाता येणार नाही, विमान कंपनी आधीच अडवते. विना व्हिसा माणूस नेला तर कंपनीला दंड बसतो.

फुटाळ्याचा_वारा (सकाळी ११.३४)

भाच्याला तर काही झालं नाही.

गॉलवेची_ताई (सकाळी ११.३६)

भाचा पुढे कधी व्हिसाचा फॉर्म भरेल तेव्हा "पूर्वी कधी नियम मोडला का" हा रकाना येईल. तेव्हा तुम्ही भरून द्या. आणि काका, सगळ्यात महत्त्वाचं विचारायचं राहिलं. तिचं आयर्लंडचं राहण्याचं कार्ड आलं का?

महालवाले_बाबा (दुपारी १२.५०)

कार्ड कसलं? व्हिसा तर पासपोर्टात चिकटवला आहे.

गॉलवेची_ताई (दुपारी १.०५)

तो व्हिसा आयर्लंडमध्ये शिरण्यापुरता असतो. शिरल्यावर ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची, ३०० युरो भरायचे, मग कार्ड मिळतं. डब्लिनमध्ये ते 'बर्ग की' या रस्त्यावरच्या कार्यालयात होतं. पासपोर्टातल्या व्हिसाचा फोटो मागवा, त्यावर 'एन्ट्रीज'समोर काय लिहिलं आहे ते बघा.

महालवाले_बाबा (दुपारी ३.४०)

फोटो आला. तिकडे सकाळ होती, झोपेतच काढला, अर्ध्या फोटोत उशीच आहे. मी चष्म्यावर भिंग धरून वाचलं. 'सिंगल' लिहिलं आहे. कार्डाची अपॉइंटमेंट नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे म्हणते. म्हणजे काय?

गॉलवेची_ताई (दुपारी ३.४६)

म्हणजे तिचा एकदा शिरण्याचा व्हिसा वापरून झाला आहे. कार्ड हातात येण्याआधी ती देशाबाहेर गेली, तर परत शिरायला नवा व्हिसा लागेल. समजा पॅरिसला कोणी अडवलं नसतं, तरी सोमवारी डब्लिनचं दार बंद असतं. काका, तिकिटाचे पैसे गेले समजा. तिला फोन करा.

महालवाले_बाबा (दुपारी ३.५०)

करून राहिलो. उचलत नाही.

तर्रीपोहे (दुपारी ४.०२)

बाबा, व्हॉट्सअपवर लिहा, लेक्चर चालू असेल. आणि रागावू नका, चूक कोणाचीही होते. तिकीट तुमच्याच कार्डावरून निघालं नं?

सदर_काकू (दुपारी ४.३०)

मुलगी तिकडे एकटी राहू नये एवढंच बघा. सगळ्या मैत्रिणी पॅरिसला आणि ती खोलीत, तर तीन दिवस कसे काढेल ती?

गॉलवेची_ताई (संध्याकाळी ६.१०)

काकूंचा मुद्दा बरोबर. पुण्याच्या मुलीचीही बहुधा हीच अडचण असणार, तिलाही विचारायला सांगा. दोघी मिळून गॉलवेला या म्हणावं. डब्लिनहून बसने अडीच तास. तिथून मोहरचे कडे, समुद्रावर २१४ मीटर उभे. वारा असा की टोपी डोक्यावर ठरत नाही, दोरीची टोपी आणायला सांगा. एवढं लांब नको असेल तर विकलो डोंगरातलं ग्लेंडलॉख, सहाव्या शतकात तिथे संत केविनने मठ उभारला. दगडी गोल बुरूज अजून उभा आहे आणि दोन तळी आहेत. ते एका दिवसात होतं. नाहीच जमलं तर डार्ट या लोकल गाडीने हौथला जायचं, समुद्राच्या कड्यावर चालायचं, विद्यार्थ्याच्या लीप कार्डावर, म्हणजे तिकडच्या बस-गाडीच्या भाड्याच्या कार्डावर, भाडं अगदी थोडं. न्यूग्रेंजसुद्धा आहे, इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० मध्ये बांधलेलं थडगं, गिझाच्या पिरॅमिडपेक्षा जुनं. पण तिथे आधी आरक्षण लागतं.

म्युनिककर (संध्याकाळी ७.००)

साल्झबर्गला किल्ला आहे.

तर्रीपोहे (संध्याकाळी ७.०१)

बे, सोड नं तो साल्झबर्ग.

महालवाले_बाबा (रात्री १०.३५)

बोललो. आधी भांडली, मग रडली, मग म्हणाली, "बाबा, मला वाटलं युरो म्हणजे सगळं एकच." मलाही तेच वाटत होतं, म्हणून मी काही बोललो नाही. पुण्याच्या मुलीचीही कार्डाची अपॉइंटमेंट बाकीच आहे, ती तर बॅग भरून बसली होती. दोघी शनिवारी ग्लेंडलॉख आणि सोमवारी हौथ करतो म्हणतात. ताई, तुमचे आभार कसे मानू. तिकिटाचे गेले ते गेले.

निवृत्त_बँकवाला (रात्री १०.५०)

तिकिटातल्या विमानतळ कराचा काही भाग कधी कधी परत मिळतो. अर्ज करा, प्रत ठेवा.

महालवाले_बाबा (रविवार, रात्री ११.४५)

मंडळी, रोज नऊला तिचा व्हिडिओ कॉल येतो. आज सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले, मी पाच वेळा फोन लावला. हिला सांगितलं, नक्की विमानात बसून गेली ही पोरगी. बरोबर दहाला फोन आला. तिकडे आज पहाटे घड्याळ एक तास मागे केलं, आता फरक साडेचारचा नाही, साडेपाचचा आहे. हे तिला गेल्या आठवड्यात सांगायला काय झालं होतं? काल तळ्याच्या कडेला बसून दोघींनी डब्यातले पोहे खाल्ले. पुण्याच्या मुलीने कमी तिखट केले होते, आमच्या पोरीने वरून लाल तिखट घातलं, पुण्याची तोंडावर हात ठेवून बसलेली, त्याचा फोटो पाठवला. फोटोत मागे तो गोल बुरूज आहे.

सदर_काकू (सोमवार, सकाळी ८.००)

बरं झालं बाई. आता मला कोणी सांगेल का, संत्रा बर्फी जाते की नाही?

गॉलवेची_ताई (सोमवार, दुपारी २.१५)

काकू, खव्याचं नको. युरोपियन युनियनबाहेरून पोस्टाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चिवडा, शंकरपाळे पाठवा, पण शंकरपाळे तेलात तळा, तुपात नको.

नवा_सभासद_२१ (सोमवार, रात्री ९.२०)

वरचे प्रतिसाद वाचले नाहीत, पण मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. हॉस्टेल आधीच भरलेलं असेल तर तीन रात्रींना जेवण आणि मेट्रोसाठी दोनशे-अडीचशे युरो पुरे. सॅक चालेल. तिकिटावर बोव्हे विमानतळ लिहिला असेल तर तो पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर लांब आहे, बसचे पैसे वेगळे धरा. लुव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. मुलगी २६ च्या आत असेल आणि आयर्लंडचं कार्ड असेल तर तिथे प्रवेश फुकट.