म्युनिक करारात ‘ब्रिटनला वेळ मिळाला’ हा बचाव कितपत टिकतो?

प्रश्न (जळगाव): मुख्य परीक्षेच्या सरावाला प्रश्न आलाय: ‘तुष्टीकरणाच्या (मागेल ते देऊन हिटलरला शांत ठेवण्याच्या) धोरणाचं मूल्यमापन करा.’ ब्रिटनचा पंतप्रधान चेंबरलेन भित्रा होता, एवढ्यावर भागणार नाही हे कळतं. पण सप्टेंबर 1938 ला म्युनिकमध्ये ब्रिटन-फ्रान्सनं चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा सीमाभाग हिटलरला देऊन टाकला, त्यामुळं ब्रिटनला शस्त्रसज्जतेला वर्षभर मिळालं, हा मुद्दा घ्यायचा का?

धुळे: घ्या, पण एकाच वाक्यात. सप्टेंबर 1938 मध्ये ब्रिटनची स्पिटफायर लढाऊ विमानं नुकतीच पहिल्या स्क्वाड्रनकडे येत होती, हे खरंय. लगेच खर्चाची बाजू मांडा, गुण तिथंच आहेत. सुडेटनलँड म्हणजे नुसती तीसेक लाखांची जर्मन वस्ती नव्हे. चेकोस्लोव्हाकियाची सीमेवरची तटबंदी त्याच पट्ट्यात होती. 1 ऑक्टोबरपासून दहा दिवसांत ती न लढता गेली. मग 15 मार्च 1939 ला राजधानी प्रागवर चालून आलेल्या जर्मन फौजेच्या वाटेत आडवं यायला काय उरलं होतं? स्कोडाचे शस्त्रांचे कारखाने आणि शेकडो रणगाडे जर्मनीला आयते मिळाले, त्यातले बरेच 1940 ला फ्रान्सवर चालून गेले. वर्ष ब्रिटनला मिळालं तसं हिटलरलाही मिळालं.

अमळनेर: म्युनिक म्हणजे बठ्ठं नही, भाऊ! सुरुवात 1935 पासून करा. त्या जूनमध्ये ब्रिटननं फ्रान्सला न विचारता जर्मनीशी नौदल करार केला, जर्मनीला ब्रिटिश आरमाराच्या 35 टक्क्यांपर्यंत मोकळीक दिली. जर्मनीच्या शस्त्रांवर बंधन घालणारी व्हर्साय तहाची अट ब्रिटननंच मोडली म्हणा ना. मार्च 1936 ला हिटलरनं सैन्यबंदी असलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये फौज घुसवली, तेही लिहा. दुसरं, रशियाचा चेकांशी करार होता, पण फ्रान्स आधी मदतीला उतरला तरच तो लागू. फ्रान्सनं अंग काढलं, रशिया आपोआप सुटला. म्युनिकच्या बैठकीत चेकही नव्हते, रशियाही नव्हता. 23 ऑगस्ट 1939 चा हिटलर-स्टालिन यांचा एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार याला जोडून लिहा.

रावेर: आपल्याकडचं उदाहरण चालेल? खानदेशच्या राजा अलीखान फारुकीनं अकबराचं स्वामित्व मानलं, 1597 ला मोगलांकडून लढतानाच तो पडला. तरी 1601 ला खानदेशचा असीरगड किल्ला अकबराकडे गेलाच.

धुळे: उदाहरण झकास, पण इथं बसत नाही. ते मांडलिकत्व. शिवाय राजा अलीखानाचा मुलगा बहादूरखान यानं बापाचं धोरण सोडल्यावर अकबर चालून आला. म्हणजे नमतं घेतलं तोवर राज्य टिकलं होतं. तुष्टीकरणात देणाऱ्याकडे लढायची ताकद असते, आणि म्युनिकला तर दिलं ते तिसऱ्याच्या मालकीचं. परीक्षकाला हा फरक दाखवायचा असेल तरच दोन ओळी द्या.