वळीव येणार का? भुईमूग खळ्यावर पडलाय

कागलकर:
पारा ३८ वर आहे. दुपारनंतर पन्हाळ्याच्या अंगाला ढग चढतात आणि विरतात. हवामान खात्याचा यलो अलर्ट आहे म्हणे. उन्हाळी भुईमुगाच्या ओल्या शेंगा पसरू की झाकून ठेवू?

ढगवेडा:
यलो म्हणजे ‘लक्ष ठेवा’, पाऊस पडणारच असं नाही ओ. नुसता पारा बघू नका, दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानाला थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते. समजा दवबिंदू २० आहे, तर ३८ मधून २० वजा केले की १८; गुणिले १२५, म्हणजे ढगाचा तळ अंदाजे २२५० मीटर उंच. दवबिंदू १० असेल तर तोच तळ ३५०० वर जातो, थेंब वाटेतच सुकतात आणि आपल्या वाट्याला नुसता वारा अन् धुरळा. सकाळीच अंग चिकचिकत असेल तर मात्र तिसऱ्या प्रहरी वळीव धरूनच चाला.

शेंगदाणा:
९ ते ३ पातळ पसरा, मग गोळा करा. ताडपत्री दिवसभर नको; आत घाम धरतो, बुरशी येते, अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष तयार होतं. ओलावा ८-९ टक्क्यांवर आला की पोत्यात. शेंग कानाशी हलवा, दाणा खुळखुळला पाहिजे.

ढगवेडा:
आणि वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, भागिले ३ म्हणजे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आलं की ताडपत्री आहे तिथं सोडून घरात. आंब्याखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नको. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप चालू ठेवा.

कागलकर:
दवबिंदू आत्ता २१ दाखवतोय. गोळा करतो.