समकालीन कलेत क्युरेटर म्हणून करिअर नेमकं उभं कसं राहतं?

रेखाटन
नमस्कार मंडळी, कलेच्या इतिहासात एमए झालंय आणि सध्या एका खासगी गॅलरीत असिस्टंट आहे, म्हणजे प्राइस लिस्ट बनवणं, लेबलं छापून घेणं, संग्राहकांना मेल पाठवणं वगैरे. मला समकालीन कलेची क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनं आखून त्यासाठी कलाकृती निवडणारी, व्हायचंय, अगदी मनापासून. पण मोठ्या क्युरेटर लोकांचे बायोडेटा वाचले की सगळे सारखेच दिसतात, ही बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन), ती रेसिडेन्सी (एखाद्या संस्थेत काही काळ राहून काम करणं), अमुक ज्युरीवर, आणि तिथपर्यंत माणूस पोचला कसा आणि मधल्या काळात त्याचं घर कशावर चाललं हे कुठेच लिहिलेलं नसतं. क्युरेटिंगचा महागडा कोर्स करायलाच हवा का? म्युझियमची नोकरी धरावी की स्वतंत्र काम करावं? आणि गॅलरीतली ही वर्षं पुढे आडवी येतात असं एकजण म्हणाला, ते खरंय का? प्लीज सविस्तर सांगा.

पांढरी_भिंत
मी स्वतंत्र क्युरेटर आहे. कोर्सचं नंतर बघू, आधी लोकांचे रस्ते बघा, त्यातून बरंच कळतं. हाराल्ड झेमान घ्या, स्वतंत्र क्युरेटर म्हटलं की त्याचंच नाव पहिलं येतं. पण तो आधी 1961 पासून स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कुन्स्टहालेचा, म्हणजे तिथल्या कलादालनाचा, संचालक होता, आठ वर्षं एका संस्थेत राहून एकामागून एक प्रदर्शनं करून हात बसलेला माणूस. 1969 चं 'व्हेन अॅटिट्यूड्स बिकम फॉर्म' हे गाजलेलं प्रदर्शन तिथेच केलं तेव्हा शिल्पकार रिचर्ड सेरानं वितळलेलं शिसं भिंतीच्या तळाशी शिंपडलं, मायकेल हायझरनं बाहेरचा फुटपाथ लोखंडी गोळ्यानं फोडला, गावात बोंबाबोंब झाली आणि झेमाननं राजीनामा दिला. त्याच प्रदर्शनाचा पैसा फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीकडून आला होता हेही लक्षात ठेवा, कारण पैसा कुठून येतो हा प्रश्न या कामात पहिल्या दिवसापासून असतो. राजीनाम्यानंतर त्यानं स्वतःची एकट्याची एजन्सी काढली, 1972 ला डॉक्युमेंटा 5 (जर्मनीत कासेलला ठरावीक वर्षांनी भरणारं मोठं समकालीन कलाप्रदर्शन) केलं, आणि तरीही 1981 पासून झुरिकच्या कुन्स्टहाउसशी बांधून घेतलंच. सगळ्यात स्वतंत्र म्हणवला गेलेला माणूससुद्धा पूर्ण अधांतरी राहिला नाही.

दुसरा ओक्वी एन्वेझोर. नायजेरियात जन्म, अमेरिकेत राज्यशास्त्र शिकला, कविता करायचा, कलेची डिग्री नाही. 1994 ला मित्रांबरोबर आफ्रिकन समकालीन कलेवरचं 'न्का' हे नियतकालिक काढलं. आता विचार करा, नियतकालिक चालवायचं तर दर अंकाला कलावंतांना पत्रं लिहा, कामांचे फोटो मागवा, कुणावर कोण लिहू शकेल ते शोधा, म्हणजे क्युरेटरचं निम्मं काम तिथेच सुरू होतं, फक्त हॉल नसतो. पुढे 1997 ची जोहान्सबर्ग बिएनाले आणि 2002 चं डॉक्युमेंटा 11, ज्यात कासेलमधल्या प्रदर्शनाआधी व्हिएन्ना, दिल्ली, सेंट लुसिया, लागोस अशा ठिकाणी चर्चेची सत्रं झाली. ही सगळी बिऱ्हाडं उभी करायला जी माणसं लागतात ती त्याला आधीच्या लिखाणातून भेटलेली होती असं माझं ठाम मत आहे.

म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच, तुमच्या बरोबरीच्या चार-पाच कलावंतांच्या स्टुडिओत जात राहा, त्यांच्या कामावर लिहा, छापून आणा. हान्स उलरिख ओब्रिस्टनं 1991 ला पहिलं प्रदर्शन स्वतःच्या स्वयंपाकघरात केलं, त्याला हॉलची वाट बघावी लागली नाही.

कंडिशन_रिपोर्ट
वरचा प्रतिसाद छान आहे पण तो शिखरावरच्या लोकांचा झाला. मी म्युझियमवाली. तिथली शिडी अशी: इंटर्न, क्युरेटोरियल असिस्टंट, असिस्टंट क्युरेटर, असोसिएट, मग क्युरेटर, आणि वरची जागा कुणी रिटायर झालं किंवा सोडून गेलं तरच सुटते, त्यामुळे माणसं एकाच पायरीवर वर्षानुवर्षं राहतात. मी रजिस्ट्रार विभागातून, म्हणजे कलाकृतींची ने-आण, नोंदी आणि विमा बघणाऱ्या विभागातून, आत आले आणि मला वाटतं तो रस्ता कुणी सांगत नाही.

क्रेट, म्हणजे कलाकृतीची पेटी, आला की लगेच उघडायचा नाही, खोलीच्या हवेशी जुळायला साधारण एक दिवस तसाच ठेवायचा. मग टेबलावर घेऊन टॉर्च अगदी आडवा, पृष्ठभागाला समांतर धरायचा, तेव्हा रंगाचे उठलेले पापुद्रे आणि बारीक भेगा सावली टाकतात, त्या एकेक नोंदवून फोटो काढायचे (यालाच कंडिशन रिपोर्ट म्हणतात), आणि कामासोबत मालकानं पाठवलेला माणूस, म्हणजे कुरिअर, शेजारी उभा राहून सही करतो. कागदावरचं काम असेल तर प्रकाश साधारण 50 लक्सच्या (प्रकाश मोजायचं एकक) वर न्यायचा नाही. विमा 'खिळ्यापासून खिळ्यापर्यंत', म्हणजे मालकाच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तिथे टांगेपर्यंत. लोनची, म्हणजे प्रदर्शनापुरती कलाकृती उसनी मागायची, विनंती किती महिने आधी पाठवायची, हे ज्याला माहीत नसतं त्याची कलाकृतींची यादी कितीही सुंदर असली तरी प्रदर्शन होत नाही. हे शिकलात तर कुठलीही संस्था तुम्हाला आत घेईल. बाकी खरेदी समितीसमोर मांडणी करणं, देणगीदारांना सांभाळणं, मीटिंगा, यात आठवडा जातो.

रेखाटन
दोघांनाही खूप धन्यवाद. रजिस्ट्रारचा रस्ता डोक्यातच आला नव्हता. पण पैशाचं आणि गॅलरीचं कुणीतरी सांगा ना.

हप्ता_बाकी
पैशाचं मी सांगतो, बरीच वर्षं फ्रीलान्स आहे. संस्था एकरकमी फी सांगते आणि ऐकायला ती बरी वाटते, पण काम दीड-दोन वर्षं चालतं, त्यामुळे होकार देण्याआधी दिवस मोजून भागाकार करा. एका संस्थेनं माझं प्रदर्शन ऐनवेळी रद्द केलं आणि करारात त्याबद्दल ओळच नव्हती, तेव्हा वर्षभराची मेहनत पाण्यात गेली. तेव्हापासून मी फी तीन हप्त्यांत लिहून घेतो, सहीला, यादी पक्की झाल्यावर, उद्घाटनाला, आणि रद्द झालं तर किती द्यायचं तेही. कॅटलॉगच्या निबंधाचे पैसे वेगळे, प्रवास-मुक्काम वेगळा. ओळखीतले बहुतेक स्वतंत्र क्युरेटर शिकवून, लिहून, भाषांतरं करून, एखाद्या कलावंताचं आर्काइव्ह लावून देऊन घर चालवतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

गॅलरी आडवी येत नाही हो. अमेरिकन क्युरेटर वॉल्टर हॉप्सनं 1957 ला लॉस एंजेलिसमध्ये फेरस गॅलरी सुरू केली होती, आणि 1963 ला पॅसडीनाच्या म्युझियममध्ये मार्सेल दुशां या कलावंताचं पहिलं सिंहावलोकन, म्हणजे आजवरच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन, त्यानंच केलं. आडवा येतो तो पैशाचा संबंध. तुम्ही लावलेल्या प्रदर्शनातून विकल्या गेलेल्या कामावर कमिशन घेऊ नका, आणि गॅलरीच्या कलावंताला सार्वजनिक संस्थेत घेणार असाल तर ते आधीच लेखी सांगून टाका.

आडवी_रेघ
कोर्सबद्दल मी थोडी वेगळ्या मताची आहे. क्युरेटिंगचे कोर्स म्हणजे फ्रान्समधल्या ग्रेनोबलचा 1987 ला सुरू झालेला, अॅम्स्टरडॅमच्या दे अपेल या कलासंस्थेचा 1994 चा, न्यूयॉर्कजवळच्या बार्ड कॉलेजचा, यातून शिकलेल्यांना बरोबरची माणसं मिळतात आणि तीच पुढे वीस वर्षं एकमेकांना काम देतात, हे नाकारता येणार नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर नक्की जा, कर्ज काढून मात्र नको, वर सांगितलेल्या फीमधून ते फिटत नाही. आणि कोर्सशिवायही होतं, क्युरेटर कोयो कुओचं शिक्षण बँकिंगचं, तिनं सेनेगलमधल्या दाकारमध्ये रॉ मटेरियल कंपनी ही कलासंस्था उभी केली, 2019 ला केपटाउनच्या झाइट्झ म्युझियमची संचालक झाली, 2026 च्या व्हेनिस बिएनालेसाठी निवडली गेली. मे 2025 मध्ये ती गेली, तरी तिनं आखलेलं प्रदर्शन तिच्या निवडीच्या टीमनंच पुढे न्यायचं ठरलं. मला त्या टीमबद्दल फार आदर वाटतो, इतकी माणसं तिनं तयार करून ठेवली होती.

रेखाटन, तुमच्या गॅलरीत येणाऱ्या कामांचे कंडिशन रिपोर्ट सध्या कोण करतं? कुणीच करत नसेल तर ते काम मागून घ्या, फॉर्मचा नमुना हवा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, पाठवते.