जानेवारीत आंजर्ल्याला पक्षी बघायला किती वाजता जायचं?

रानवारा: जानेवारीत आईबाबांना घेऊन दापोलीकडे येतोय, मुक्काम आंजर्ल्याला. भिगवणला पक्षी बघितलेत पण समुद्रावरचे कधी नीट बघितले नाहीत. ८×४२ दुर्बीण आहे. पहाटे उठून किनारा गाठायचा एवढंच ठरवलंय, बरोबर ना? आणि ते कुरव (सीगल) मला सगळे सारखेच दिसतात, कसे ओळखता?

तुतवार: पहाटेचं नंतर, आधी भरती बघा. ओहोटीला चिखल्या, तुतवार, सँडरलिंग असे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी सगळे पार लांब पाण्याच्या कडेला पांगलेले असतात, दुर्बिणीतून नुसते ठिपके. पाणी चढायला लागलं की वाळू कमी होत जाते आणि तेच पक्षी आपसूक वर सरकतात, थवा करून सुक्या वाळूवर बसतात, म्हणून पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी जाऊन एका जागी बसून राहायचं. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणपट, तेवढ्या वाजता भरती, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, थोडं मागेपुढे, शुद्ध काय वद्य काय दोन्हीला चालतो. आता आपला समुद्र पश्चिमेला, संध्याकाळी ऊन थेट डोळ्यात येतं, पक्षी काळे दिसतात, रंग कळतच नाही. त्यामुळे कालनिर्णयात दशमी ते द्वादशी बघून या, सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान भरती आणि ऊन पाठीमागून.

खाडीकाठ: कुरवांचं मी सांगते. नावावर जाऊ नका, थंडीत तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव, दोघांचंही डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे एक काळसर डाग तेवढा. डोळा बघा. तपकिरी डोक्याच्याचा फिकट, काळ्या डोक्याच्याचा गडद. उडताना पहिल्याच्या पंखाचं टोक चांगलं काळं आणि त्यात पांढरे ठिपके. पहिल्या वर्षाच्या पिल्लांना हे लागू नाही, तिथे घाई करू नका. हर्णै बंदरात होड्या लागल्या की कुरव जवळून मिळतात, तिथेच शिका. तपकिरी डोक्याचे लडाख-तिबेटकडच्या तलावांवरून येतात, मला दरवर्षी नवल वाटतं.

आणि कळकळीची विनंती, बसलेल्या थव्यात पोरं पळवू नका, फोटोसाठी उडवू नका, वाळूवर गाडी तर अजिबात नको. सँडरलिंग पार आर्क्टिककडून आलेला असतो, भरतीचे ते दोन-तीन तास त्याच्या विश्रांतीचे, आणि परत जायला अंगावर चरबी साठवायची असते. दर वेळी उडवलं तर ती उडण्यातच जाते.

रानवारा: गाडी रस्त्यावरच ठेवू. तुतवारदादा, सुट्टी नेमकी षष्ठी-सप्तमीला मिळतेय, मग काय करू?

तुतवार: मग भरती साडेचार-सव्वापाचची. अडीच-तीनला जा, आणि सुरूच्या झाडांच्या बाजूने चालत थव्याच्या दक्षिणेला जाऊन उत्तरेकडे तोंड करून बसा. जानेवारीत सूर्य नैऋत्येला कलतो, तेवढ्याने ऊन पाठीवर येतं.