घशाच्या कॅन्सरनंतर छातीचा फ्लॅप की मांडीचा?

कराडकर
मामांचा घशाचा कॅन्सर रेडिएशननंतर उलटला. स्वरयंत्र आणि घशाचा काही भाग काढावा लागला. ती जागा भरायला शरीराच्या दुसऱ्या भागाची कातडी-मांस लावतात, तो फ्लॅप. मोठ्या शहरात मांडीचा फ्री फ्लॅप, म्हणजे पूर्ण सुटा काढून घशात जोडायचा, सांगितला होता, आम्ही जवळच्या हॉस्पिटलात छातीचा करून घेतला. माझं स्पष्ट मत आहे, बहुतेक पेशंटसाठी छातीचाच बरा. छातीचा स्नायू कातडीसकट कॉलरबोनवरून वर फिरवतात, त्याची रक्तवाहिनी तोडतच नाहीत. १९७९ पासून ही पद्धत चालत आली आहे. फ्री फ्लॅपमध्ये दोन-तीन मिलिमीटरच्या शिरा मायक्रोस्कोपखाली जोडायच्या. त्यात गुठळी झाली की फ्लॅप काळा पडतो.

आईची लेक
कराडकर, फ्लॅप जगला म्हणजे पेशंट सुखी झाला असं नाही हो. माझ्या आईला छातीचाच केला. तिची पूर्ण घशाची नळी नवीन करायची होती. तो जाड मांसाचा तुकडा गोल वळवला तर आत जागा किती उरणार? सहा महिने झाले, अजून पेजेच्या पुढे गेलेली नाही. छाती एका बाजूला ओढली गेली आहे, ब्लाउज नीट बसत नाही म्हणून ती लग्नाकार्याला जात नाही. मनगटाची किंवा मांडीची पातळ कातडी मिळू शकते हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. राग त्याचा आहे.

वॉर्डातली सिस्टर
दोघांच्या केसेस वेगळ्या आहेत. मामांना ठिगळ लागलं, आईंना अख्खी नळी. ठिगळाला छातीचा चांगला. रेडिएशन झालेली कातडी लवकर भरत नाही, टाक्यातून लाळ झिरपते, तिथे हा ताजा स्नायू आधार देतो. अख्ख्या नळीला शक्य असेल तर फ्री फ्लॅपच हवा, या बाबतीत मी ताईंच्या बाजूने आहे. पण त्यात पहिले दोन दिवस आम्ही तासातासाला फ्लॅप बघतो. रंग बघायचा, बोटाने दाबायचं, सांगितलं असेल तर सुई टोचायची. लाल रक्त आलं तर ठीक. भराभर काळपट आलं तर शीर तुंबली, लगेच थिएटर.

कराडकर
अख्ख्या नळीचं मान्य, तो फरक माझ्या लक्षात आला नव्हता. पण सिस्टर, रात्री तीनला ते थिएटर कोण उघडणार? आमच्याकडे प्लास्टिक सर्जन आठवड्यातून दोनदा येतात.

आईची लेक
मग पेशंटला जिथे रोज असतात तिथे पाठवा! जवळ पडतं म्हणून आम्हीही तिथेच राहिलो. आता दर महिन्याला घसा रुंद करून घ्यायला त्याच मोठ्या शहरात जातोय.

कराडकर
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. मामांना परवा टाक्यातून गळती आहे का बघायला निळं पाणी पाजलं. मानेवरचं गॉज पांढरंच राहिलं, तेव्हा नाकातली नळी काढली. आईंना मनगटाचा फ्लॅप आता करता येईल का, विचारलंत का?

आईची लेक
विचारलंय. मंगळवारी बोलावलंय.