कोविडनंतर नियोजित हृदयशस्त्रक्रिया: आधी कोण, किती थांबायचं?

प्रश्न (कोविडच्या लाटांच्या काळातला, उत्तरंही तेव्हाचीच): लाट ओसरतेय. थांबवलेल्या बायपास आणि झडपांच्या शस्त्रक्रिया सुरू करायच्यात. यादीतले काहीजण नुकतेच कोविडमधून उठलेत. त्यांना किती थांबवायचं?

उत्तर १: २०२१च्या कोविडसर्ज या आंतरराष्ट्रीय अभ्यासात (सगळ्या प्रकारच्या शस्त्रक्रिया) निदानानंतर सहा आठवड्यांच्या आत ३० दिवसांतले मृत्यू सुमारे ४ टक्के होते, सात आठवड्यांनंतर १.५ टक्के. दम लागणं टिकून असेल तर सात आठवडेही अपुरे. हार्ट-लंग मशीनने (शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) फुफ्फुसांना सूज येतेच, त्यात ही भर नको.

उत्तर २: पण सरसकट सात आठवडे नकोत! हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा किंवा महाधमनीची झडप अरुंद होऊन शुद्ध हरपणं, अशांना थांबवणंच जास्त धोक्याचं. गोळ्यांवर स्थिर असलेल्यांना दर आठवड्याला फोन करा, त्रास वाढला की यादीत वर घ्या.

उत्तर ३: आरटी-पीसीआर ४८ ते ७२ तास आधी, मग घरातच विलगीकरण. बरं झालेल्यांची चाचणी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, तेवढ्यावरून तारीख रद्द करू नका. श्वासनळीत नळी घालताना मोजकी माणसं, एन-९५, नळी आणि सर्किटमध्ये (श्वसनयंत्राच्या नळ्या) विषाणू अडवणारा व्हायरल फिल्टर. आयसीयूतली खाट आणि रक्त नक्की झाल्यावरच क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी रोखणारी गोळी) बंद करा (पाच दिवस आधी). गोळी बंद केल्यावर तारीख पुढे गेली तर स्टेंट असलेला रुग्ण गुठळीच्या धोक्याला उगाच उघडा पडतो.